फळ्यावरची दरी आणि प्रत्यक्षातली दरी: कॉलोराडो पठारावरचे सहा दिवस

साताऱ्याजवळच्या एका माध्यमिक शाळेत मी एकतीस वर्षे भूगोल शिकवला. 'नदीचे खनन, वहन व संचयन कार्य' हा पाठ आला की फळ्यावर इंग्रजी व्ही अक्षर काढायचे, त्याच्या बुडाशी निळ्या खडूची रेघ ओढायची आणि खाली 'व्ही आकाराची दरी' असे लिहायचे; शेजारी तोच व्ही दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखा उभट काढायचा आणि त्याला 'घळई' म्हणायचे, असा माझा ठरलेला क्रम होता. निदरी, म्हणजे कॅन्यन, हा शब्द मी तोंडी सांगत असे आणि ग्रँड कॅन्यनचे उदाहरण देऊन पुढच्या मुद्द्याकडे वळत असे. २०२४ च्या ऑक्टोबरात मुलाकडे अमेरिकेत, ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्सला गेले असताना ते उदाहरण पाहण्याचा योग आला. आमचे हे, मुलगा, सून, नऊ वर्षांची नात आणि मी अशी पाच माणसे, एक गाडी आणि सुनेने आदल्या रात्री जागून केलेल्या दशम्यांचा डबा, एवढ्या तयारीवर आम्ही निघालो. आरक्षणे मुलाने तीन महिने आधी करून ठेवली होती, त्यामुळे त्यांविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

पहिला दिवस: फिनिक्स ते ग्रँड कॅन्यन

फिनिक्स हे निवडुंगांच्या वाळवंटातले गाव. तिथून उत्तरेला गाडी सतत चढत राहते आणि फ्लॅगस्टाफ येईपर्यंत निवडुंग जाऊन पाइनची उंच झाडे सुरू होतात. हवाही बदलते, सकाळी फिनिक्सला पंखा लागत होता आणि दुपारी गाडीतून उतरताना स्वेटर शोधावा लागला. दरीचा दक्षिण काठ समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटर उंचीवर आहे, हे वाचलेले असूनही अंगाला जाणवेपर्यंत खरे वाटले नव्हते.

आश्चर्य वाटले ते दरी लपून बसते याचे. एवढी प्रचंड गोष्ट असूनही शेवटच्या क्षणापर्यंत तिचा मागमूस लागत नाही. सपाट जंगलातून वाहनतळावर यायचे, झाडांतून थोडे चालायचे आणि मग पुढे जमीनच नाही. आपल्याकडे देशावरून घाटमाथ्यावर आल्यावर असेच होते. सपाट माळ, कारवीची झुडपे, आणि एकदम कोकणकडा. कोकणातून पाहणाऱ्याला सह्याद्री डोंगर दिसतो आणि देशावरून येणाऱ्याला तो काठ म्हणून भेटतो. कॉलोराडो पठारावर मात्र सगळीकडून काठच भेटतो, कारण आजूबाजूचा सगळा प्रदेशच उंच उचलला गेला आहे.

माथर पॉइंटवर सूर्यास्तापर्यंत बसलो. समोरचा उत्तर काठ सरळ रेषेत साधारण सोळा किलोमीटरवर आहे, परंतु गाडीने तिथे जायचे तर सुमारे ३४५ किलोमीटरचा वळसा घालावा लागतो. दरीची लांबी नदीच्या मार्गाने ४४६ किलोमीटर, रुंदी काही ठिकाणी २९ किलोमीटर आणि खोली दीड किलोमीटरहून जास्त. आकडे मला पाठ होते. तरी आमच्या ह्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावून विचारले, "नदी कुठे आहे?" आणि मला ती दाखवता येईना. माथर पॉइंटवरून नदीचा अगदी छोटासा तुकडा दिसतो, आणि तोही कुणीतरी बोट दाखवल्यावर. नदीची सरासरी रुंदी नव्वद मीटरच्या आसपास आहे. नव्वद मीटरच्या नदीने सोळा किलोमीटर रुंदीची दरी कशी केली, हा प्रश्न एकतीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने मला विचारला नव्हता, आणि खरे सांगायचे तर मलाही तो पडला नव्हता. पुढचे सगळे दिवस मी त्याच प्रश्नाच्या मागे होते.

दुसरा दिवस: काळाची पायवाट आणि ब्राइट एंजल

काठावरून 'ट्रेल ऑफ टाइम' नावाची एक फरसबंद वाट जाते. तिच्यावर धातूच्या खुणा ठोकलेल्या आहेत आणि एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षे असे प्रमाण आहे. भूगोलाच्या शिक्षकाला याहून सुंदर शैक्षणिक साधन कुणी करून देईल असे वाटत नाही. 'आज' या खुणेपासून आम्ही मागे चालू लागलो. नात मोठ्याने मोजत होती. पाच-सहा पावले टाकली आणि मी तिला थांबवले. कॉलोराडो नदीने ही दरी मुख्यतः एवढ्याच काळात, म्हणजे पन्नास-साठ लाख वर्षांत कोरली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. काही तुकडे त्याहून बरेच जुने असावेत असाही एक पक्ष आहे. मग सहासष्टाव्या मीटरवर मी पुन्हा उभी राहिले. माझ्या दृष्टीने ती आपल्या सह्याद्रीची खूण होती: दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थर पसरले तो काळ. तिथून दरीच्या तळाशी असलेल्या सर्वात जुन्या खडकापर्यंत पोहोचायला आणखी पावणेदोन किलोमीटर चालावे लागते. खडक एवढे म्हातारे आणि दरी अगदी कालची, ही गोष्ट कोणत्याही तक्त्यापेक्षा पायांना चांगली कळते.

दुपारी आम्ही ब्राइट एंजल वाटेने थोडे खाली उतरलो. वाटेच्या तोंडाशी उभ्या असलेल्या एका वनाधिकारी बाईंनी ह्यांच्या गुडघ्याच्या पट्ट्याकडे पाहून हसत सांगितले की, खाली उतरणे ऐच्छिक आहे, वर येणे सक्तीचे. उतरायला जेवढा वेळ लागेल त्याच्या दुप्पट चढायला धरावा, हा तिथला नियम आमच्याबाबतीत तंतोतंत खरा ठरला. तळाच्या दिशेने जावे तसा उन्हाळा वाढतो, त्यामुळे डोंगर चढण्याच्या अगदी उलट हिशेब होतो: सकाळच्या उत्साहात थंड काठावरून खाली जायचे आणि थकल्यावर उन्हात चढायचे. पाणी आणि खारे खाणे दोन्ही बरोबर हवे. आमच्या दशम्या, लसणाची चटणी आणि खारे शेंगदाणे यांनी ते काम चोख केले.

या वाटेवर माझ्या फळ्यावरच्या व्हीला पहिला तडा गेला. दरीची बाजू तिरक्या रेघेसारखी मुळीच नाही. ती जिन्यासारखी आहे. उभा कडा, मग उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार. वरचा काइबाब चुनखडक आणि त्याखालचा फिकट कोकोनिनो वालुकाश्म टणक, म्हणून ते कडे होऊन उभे राहतात. त्यांच्याखालचा हर्मिट नावाचा तांबडा थर मऊ आहे, म्हणून तो ढासळून उतार होतो. मऊ थर पोखरला गेला की वरच्या टणक थराचा आधार जातो आणि त्याचे चिरे सुटून पडतात. सह्याद्रीतही कडा आणि माची असे टप्पे याच रीतीने पडतात. फरक एवढाच की तिथे टणक आणि ठिसूळ असे दोन्ही थर लाव्हाचेच असतात, तर इथे एक थर समुद्रतळाचा, दुसरा वाळवंटी टेकड्यांचा आणि तिसरा चिखलाचा.

मग नदीचे काम काय? नदी करवतीसारखी फक्त खाली खाली कापत जाते. सगळे पठार वर उचलले गेल्याने तिला उतार मिळाला, उताराने वेग मिळाला, आणि वेगाबरोबर आलेली वाळू आणि गोटे हे तिचे दात झाले. रुंदी वाढवण्याचे काम पावसाने, उपनद्यांनी, भेगांत गोठणाऱ्या पाण्याने आणि दरडींनी केले. नदीने फक्त त्यांनी खाली पाडलेला माल उचलून नेला. खननापेक्षा वहनच इथे महत्त्वाचे; नेणारी नदी नसती तर पडलेल्या राडारोड्यानेच दरी बुजली असती.

त्यातही दोन्ही बाजू सारख्या नाहीत. इथले थर किंचित दक्षिणेकडे कललेले आहेत. त्यामुळे अधिक उंच असलेल्या उत्तर काठावर पडलेले पाणी दरीत उतरते आणि बाजूच्या दऱ्या खोल कोरत येते, तर दक्षिण काठावरचे पाणी दरीकडे पाठ फिरवून वाहून जाते. म्हणून नदी दक्षिण काठाला जवळ आहे आणि उत्तर काठ तिच्यापासून जवळजवळ दुप्पट लांब सरकला आहे. ज्या वाटेने आम्ही उतरलो तीही योगायोगाने झालेली नाही. ती ब्राइट एंजल प्रस्तरभंगाच्या रेषेवर आहे. तिथला खडक मोडलेला, म्हणून तिथे पाण्याला शिरकाव मिळाला, आणि पाण्यामागून माणसाला.

तिसरा दिवस: विष्णूचे मंदिर आणि घोड्याचा नाल

पूर्वेकडचा रस्ता काठाकाठाने डेझर्ट व्ह्यूपर्यंत जातो. वाटेत एका थांब्यावर नातीने नकाशा उघडला आणि ओरडली, "आजी, इथे विष्णू टेंपल लिहिलंय!" दरीतल्या एका सुळक्याला खरोखरच ते नाव आहे, शिवाय शिव टेंपल, ब्रह्मा टेंपल, कृष्ण श्राइन आणि राम श्राइनही आहेत. क्लॅरन्स डटन या भूशास्त्रज्ञाने १८८२ मध्ये या प्रदेशावरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याला हे सुळके पूर्वेकडच्या देवळांसारखे वाटले आणि देवांची नावे देण्याचा प्रघात पडला. तळाच्या अतिप्राचीन रूपांतरित खडकांनाही विष्णू शिस्ट, ब्रह्मा शिस्ट आणि राम शिस्ट म्हणतात. पावणेदोनशे कोटी वर्षांच्या खडकाला विष्णूचे नाव शोभून दिसते, असे आमच्या ह्यांचे मत पडले. त्या खडकांवर बसलेला सपाट वालुकाश्म मात्र सुमारे बावन्न कोटी वर्षांचाच आहे. मधल्या शंभर कोटींहून अधिक वर्षांची पाने बऱ्याच ठिकाणी गायब आहेत. डटनच्या आधी, १८६९ मध्ये, जॉन वेस्ली पॉवेल हा एका हाताचा माजी सैनिक नऊ साथीदारांसह चार होड्यांतून या नदीने निघाला होता. वर उभे राहून खालचा पांढरा फेस पाहिला की त्या माणसांविषयी आदर वाटतो आणि थोडी काळजीही.

संध्याकाळी पेज या गावी पोहोचलो आणि सामान न सोडताच हॉर्सशू बेंडला गेलो. (वाहनतळाचे दहा डॉलर वेगळे द्यावे लागतात; राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास, जो आम्ही ८० डॉलरला घेतला होता, इथे चालत नाही. सव्वा किलोमीटर चालावे लागते आणि वाटेत सावली फारशी नाही.) सुमारे तीनशे मीटर खाली कॉलोराडो नदी घोड्याच्या नालासारखे वळण घेते, जवळजवळ पूर्ण वर्तुळ करून परत स्वतःजवळ येते.

इथे मी बराच वेळ गप्प होते. नागमोडी वळणे म्हणजे म्हातारी, मैदानातली, दमलेली नदी, असे मी शिकवत आले. खोल घळई म्हणजे तरुण, डोंगरातली नदी. या ठिकाणी दोन्ही एकाच चित्रात होते. उत्तर असे की नदी आधी सपाट प्रदेशात आळसावून वळणे घेत होती, मग भूभाग हळूहळू वर उचलला गेला. वळणे मोडून सरळ जायला तिला सवड मिळाली नाही, म्हणून त्याच वळणांतून ती खाली कापत राहिली आणि स्वतःच्याच पात्रात अडकली. सिंधू आणि ब्रह्मपुत्रा यांनी हिमालय उचलला जात असताना आपला जुना मार्ग सोडला नाही आणि त्यातून खोल घळया केल्या. त्यांचा हट्ट आणि इथला हट्ट एकाच जातीचा. वळणे मात्र इथलीच.

पाणी हिरवे, काचेसारखे होते. कॉलोराडो या स्पॅनिश नावाचा अर्थ तांबूस रंगाची. वरच्या बाजूला काही किलोमीटरवर ग्लेन कॅन्यन धरण आहे. १९६३ पासून नदीचा गाळ तिथे अडतो आणि खाली सुटते ते थंड, निवळ पाणी. करवतीचे दात काढून घेतल्यासारखे झाले आहे.

चौथा दिवस: एक तास आधी, आणि अँटिलोप

इथे आमची फजिती झाली. ॲरिझोना राज्यात उन्हाळ्यात घड्याळे पुढे करत नाहीत, पण त्याच राज्यात असलेल्या नवाहो राष्ट्रात, म्हणजे नवाहो या मूळ रहिवासी जमातीच्या स्वशासित प्रदेशात, करतात, आणि शेजारच्या यूटामध्येही करतात. पेज गाव या तिन्हींच्या सांध्यावर. मुलाच्या फोनने रात्रीतून कुठल्या तरी पलीकडच्या मनोऱ्याची वेळ पकडली आणि आम्ही अँटिलोप कॅन्यनच्या तोंडाशी थंडीत एक तास आधी जाऊन उभे राहिलो. अँटिलोपच्या सहली पेजच्या, म्हणजे ॲरिझोनाच्या वेळेने चालतात. फोनवर विसंबू नये, मनगटी घड्याळ पेजच्या वेळेला लावून ठेवावे.

तो तास वाया गेला नाही. रस्त्याकडेला एक नवाहो आजीबाई फ्राय ब्रेड तळत होत्या. पिठाचा गोळा पोळपाट-लाटण्याशिवाय दोन्ही तळव्यांत थापटून, फिरवून, मध्यभागी बोटाने एक भोक पाडून त्या कढईत सोडत होत्या. भोक कशाला, असे मी खुणेने विचारले; ते नसेल तर मधला भाग कच्चा राहतो, असे त्यांनी सांगितले. वर मध घालून दिलेला तो तळलेला घावन आम्ही सर्वांनी वाटून खाल्ला आणि मग दुसरा घेतला. हा पदार्थ परंपरेने आलेला नाही, हे त्यांनीच सांगितले. १८६४ मध्ये सैन्याने त्यांच्या लोकांना शेकडो मैल चालवत नेऊन डांबले तेव्हा शिध्यात पीठ आणि चरबी मिळे. त्यातून तो जन्मला.

लोअर अँटिलोप कॅन्यन वरून पाहिले तर जमिनीला गेलेली एक चीर आहे. पाऊल फाकवून ओलांडता येईल अशी. शिडीने आत उतरले की भिंती पुढे पुढे सरकतात, वळतात, पोटे फुगवतात आणि आकाशाची नुसती निळी दोरी उरते. प्रकाश थेट येतच नाही. एका भिंतीवरून दुसरीवर आपटत खाली येतो आणि प्रत्येक टप्प्याला अधिक नारिंगी, मग जांभळा होतो. मी भिंतीवरून हात फिरवला, तर ती खरखरीत होती, काचकागदासारखी, आणि बोटांना पिठीसारखी वाळू लागली. भिंतीत बारीक रेषांचे पदर आहेत, एकमेकांना तिरके छेदणारे. हा सगळा खडक मुळात वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्या आहे आणि त्या टेकड्यांचे उतार जसेच्या तसे थिजले आहेत.

ही अरुंद दरी बाराही महिने वाहणाऱ्या नदीने केलेली नाही. वर्षातले बहुतेक दिवस ती कोरडी असते. पाऊस पडला की वाळूने लादलेला लोंढा त्या चिरेत घुसतो, भोवरे करतो आणि काही तासांत ओसरतो. भिंतींवरच्या त्या गोलाईंकडे पाहून मला निघोजचे रांजणखळगे आठवले. कुकडीच्या पात्रात बेसाल्टला तसेच खळगे पडले आहेत. दगडगोटे गरगर फिरून रांजण कोरतात, शेजारचे रांजण एकमेकांना मिळतात आणि चर तयार होतो. शाळेच्या सहली घेऊन मी तिथे अनेकदा गेले आहे. तिथे चर उघडा आहे, इथे तो एवढा खोल गेला आहे की वरून दोन्ही ओठ मिटत आले आहेत. रुंदी का वाढली नाही? कारण इथे खडक एकसंध आहे, पाऊस क्वचित पडतो, आणि करवत चालते तेवढ्यात बाजू ढासळवणारे दुसरे कुणी येत नाही.

आमचा वाटाड्या विशीतला नवाहो तरुण होता. नवाहो स्वतःला दिने म्हणवतात, हे त्याने पहिल्यांदा सांगितले आणि फोटोंच्या जागा त्यानंतर. एका वळणावर तो थांबला आणि हसणे बंद करून म्हणाला की, १२ ऑगस्ट १९९७ रोजी याच दरीत अकरा पर्यटक लोंढ्यात गेले. इथे त्या दिवशी पाऊस जवळजवळ नव्हताच. ढग कित्येक मैलांवर, वरच्या बाजूला फुटला होता. तेव्हापासून शिड्या खडकाला पक्क्या बोल्टने जखडल्या आहेत आणि वाटाड्याशिवाय कुणाला आत सोडत नाहीत. आपल्याकडे सांदण दरीत पावसाळ्यात उतरू नये म्हणतात, त्यामागचे कारण हेच. डोक्यावरचे आभाळ निरभ्र आहे एवढ्याने चिरेत शिरणे सुरक्षित ठरत नाही.

पाचवा दिवस: ब्राइस, जी दरीच नाही

रात्री ब्राइसजवळ मुक्काम होता. पहाटे गाडीच्या काचेवर हिमाचा थर होता आणि ह्यांनी तो बँकेच्या जुन्या कार्डाने खरवडला. उंची जवळजवळ २,४०० मीटर. कानटोपी, हातमोजे आणि थर्मासमधला चहा या तीन गोष्टींशिवाय इथला सूर्योदय पाहू नये.

ब्राइसच्या नावात कॅन्यन असले तरी त्यातून कोणतीही नदी वाहत नाही. हा पठाराचा कुरतडलेला काठ आहे: अर्धगोलाकार खळगा आणि त्यात हजारो गुलाबी-पांढरे खांब. वर्षातल्या जवळजवळ निम्म्या रात्री इथे पाणी गोठते आणि दुपारी वितळते. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगते. भेगेतले पाणी पाचरीचे काम करते, रोज थोडे थोडे. अँटिलोपमध्ये मी ज्याला 'बाजू ढासळवणारे' म्हटले, ते इथे एकटे काम करताना दिसते. आधी सलग भिंत, मग भिंतीला खिडकी, मग खिडकीचे छत पडून दोन खांब. तिन्ही अवस्था एकाच नजरेत मावतात. इथल्या मूळ रहिवासी पायूट लोकांची कथा अशी की, हे सगळे वाईट वागलेले पूर्वीचे लोक असून कायोटी या कोल्ह्यासारख्या प्राण्याने त्यांना दगड केले. नातीला ती कथा माझ्या पाचरीपेक्षा जास्त पटली.

दुपारी झायनकडे निघालो. यूटातल्या त्या रस्त्यावर खडकातून खणलेला, १९३० साली पूर्ण झालेला पावणेदोन किलोमीटरचा बोगदा आहे. त्यातून बाहेर पडले की डोळे दिपतात. सहा वाजेपर्यंत आम्ही चालकाला, म्हणजे मुलाला, चार वेळा गाडी थांबवायला लावली.

सहावा दिवस: झायन आणि नदीच्या पात्रातून चाल

झायनच्या दरीत फिरण्यासाठी उद्यानाची मोफत बस घ्यावी लागते. सात वाजताची मिळाली तर रांग टळते. शेवटच्या थांब्यावर उतरून नदीकाठची दीड किलोमीटरची सोपी वाट संपली की पुढे पात्र हीच वाट. याला नॅरोज म्हणतात. गावातल्या दुकानातून आम्ही पाण्यातले बूट, जाड मोजे आणि लाकडी काठ्या भाड्याने घेतल्या. ह्यांनी मात्र "आपण कृष्णेत अनवाणी पोहलो आहोत" असे म्हणून स्वतःचे जुने बूटच घातले. पाणी बर्फगार होते, तळाशी गोल, बुळबुळीत गोटे होते, आणि काठी नसती तर मी दहा पावलेही गेले नसते. आदल्या दिवशी उद्यानाच्या कचेरीत पाण्याचा प्रवाह आणि पुराचा इशारा विचारून घ्यावा. प्रवाह वाढला की ही वाट बंद करतात.

व्हर्जिन नदी लहान आहे, पण तिचा उतार फार तीव्र आहे. भिंती वर कुठवर जातात ते मान मोडेपर्यंत पाहूनही कळत नाही. काही भागांत त्या तीनशे मीटर उंच आहेत आणि पात्र सहा-सात मीटरच रुंद. आम्ही तासभर चाललो. सर्वात अरुंद भाग त्याच्याही पुढे आहे, तिथे मी पोहोचले नाही. परंतु मला जे हवे होते ते याच एका तासात मिळाले.

सकाळी बसमधून आलो ती दरी चांगली रुंद होती: सपाट तळ, कॉटनवुडची पिवळी झालेली झाडे, चरणारी हरणे. त्याच नदीने, नवाहो नावाच्या त्याच वालुकाश्मात, थोडे वर गेल्यावर ही चीर केली आहे. असे का? खालच्या बाजूला नदीने वालुकाश्म पूर्ण कापून त्याच्याखालचा काएंता नावाचा मऊ थर गाठला आहे. तो पोखरला जातो, वरच्या कड्यांचा पाया सुटतो आणि दरी रुंद होत जाते. शिवाय वालुकाश्मात मुरलेले पाणी याच सांध्यावर अडून बाहेर पाझरते आणि पाया आणखी ढिला करते. काठाच्या वाटेवर भिंतीतून थेंब गळत होते आणि तिथे नेचे लोंबत होते, अगदी कोयनेच्या घाटातल्यासारखे. वर नॅरोजमध्ये नदी अजून वालुकाश्मातच आहे, मऊ थर तिच्या हाती लागलेला नाही. आणि सपाट तळाचे कारण पुन्हा वेगळेच: सुमारे ४,८०० वर्षांपूर्वी एक अजस्र दरड कोसळून नदी अडली, मागे सरोवर झाले, ते शेकडो वर्षे टिकले आणि गाळाने भरले. तो सरोवराचा तळ आहे.

परतताना एका वाळूच्या पुळणीवर बसलो. नात काठीने वाळूत चर ओढून त्यात पाणी सोडत होती. ओल्या वाळूत चराच्या बाजू ताठ उभ्या राहिल्या. मग तिने कोरड्या वाळूत तोच उद्योग केला तेव्हा बाजू भसाभस आत आल्या आणि चर बशीसारखा पसरट झाला. "असं का झालं?" असे मी विचारले. तिने काठीचे टोक दोन्हीकडे नेऊन दाखवले आणि म्हणाली, "पाणी तर दोन्हीकडे सेमच होतं. वाळू वेगळी होती."

मी पिशवीतून मोटेलचे छोटे पॅड काढले आणि माझा जुना व्ही काढला. शेजारी जिना काढला, त्याच्या शेजारी नुसती उभी रेघ, मग घोड्याचा नाल. हिमनदीचा यू तिला आधीच माहीत होता. समुद्राच्या तळाशीही अशा दऱ्या असतात आणि त्या गाळाच्या पाण्याचे लोट कोरतात, हे सांगितल्यावर तिने पाचवे चित्र स्वतः काढले आणि त्यात एक मासा घातला.

परतीचा दिवस

परतीच्या प्रवासाचे सांगण्यासारखे एवढेच की दशम्या संपल्या होत्या आणि वाटेतल्या उपाहारगृहात शाकाहारी म्हणून मिळालेल्या बर्गरात पावाच्या मध्ये फक्त सॅलडची पाने होती.

उद्यानांतून दगड, गोटे, झाडाचे पान, काहीही उचलून आणायला बंदी आहे आणि आम्ही ती कसोशीने पाळली. फिनिक्सला पोहोचल्यावर ह्यांनी गॅलरीत आपले जुने बूट उपडे केले, तेव्हा दोन्हींतून मिळून वाटीभर बारीक, तांबूस वाळू निघाली. सुनेने ती कढीपत्त्याच्या कुंडीत सारली आणि वरून पाणी घातले.